जय कोणाचा, पराजय कोणाचा

ज्या शहरात राजर्षी शाहू छत्रपतींनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून आल्यावर १९१२ साली खासबागेचे कुस्ती मैदान उभे केले, आणि ज्याच्या पेठापेठांतील तालमींच्या तांबड्या मातीत पोरांच्या पिढ्यान् पिढ्या लहानाच्या मोठ्या झाल्या, त्या कोल्हापुरात फुटबॉलने आपले बिऱ्हाड वेगळे थाटले नाही. तो सरळ तालमीतच येऊन राहिला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावे उच्चारली की त्यांच्यापुढे ‘तालीम मंडळ’ हे शब्द आपोआप येतात, आणि त्यातच येथील फुटबॉलची सारी कुळकथा आली. येथला क्लब कोणा धनिकाने विकत घेतलेला नाही, की कारखान्याने आपल्या जाहिरातीसाठी पोसलेला नाही. जेथे मारुतीसमोर जोर-बैठका निघतात, भाद्रपदात गणपती बसतो आणि कित्येक ठिकाणी मोहरमात पंजेही बसतात, त्या वास्तूचा तो एक व्यवहार आहे. म्हणूनच कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा हंगाम सुरू होऊन शाहू स्टेडियमवर दोन पेठा समोरासमोर आल्या, की दुपारच्या उन्हात पायऱ्यांवर दाटीवाटीने बसलेला माणूस नुसता खेळ पाहायला आलेला नसतो. तो आपल्या घरच्या कार्याला आलेला असतो.

या माणसाकडे पाहताना मला नेहमी एक प्रश्न पडतो, आणि तो खेळाचा नसून तत्त्वज्ञानाचा आहे. मैदानात धावतात ते अकरा. घाम त्यांचा, दुखावलेले गुडघे त्यांचे, ऐन क्षणी चेंडूला दिलेली दिशाही त्यांचीच. असे असता पायरीवर बसून ज्याने फक्त आरडाओरडा केला, तो संध्याकाळी चौकात छाती काढून ‘आज आम्ही मारला सामना’ असे जे सांगतो, ते कोणत्या अधिकाराने? या विजयात त्याचा वाटा आहे असा दाखला कोणत्या दफ्तरात सापडेल?

श्रीमच्छंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी अध्यासाचे जे विवेचन केले आहे, त्यात या माणसाचे चित्र हुबेहूब उतरले आहे. एका वस्तूचे धर्म दुसरीवर लादणे म्हणजे अध्यास, असे सांगून आचार्य उदाहरण देतात ते घरातले. पुत्र किंवा भार्या सुस्थितीत असली की मनुष्य स्वतःलाच परिपूर्ण समजतो, आणि त्यांच्यात काही वैगुण्य आले की आपल्यातच उणेपण आले असे मानतो; वस्तुतः त्याच्या आत्म्याला ना त्या पूर्णतेचा स्पर्श, ना त्या उणिवेचा. पुत्राच्या जागी पेठेचा संघ ठेवला, तर पायरीवरच्या माणसाची कैफियत पुरी झाली, आणि निकालही लागला: हे सारे अविद्येचे कार्य.

परंतु हा निकाल वाटतो तितका सरळ नाही. अध्यासाला अधिष्ठान लागते. दोरीच नसेल तर साप भासणार कशावर? मग आमच्या पेठेच्या माणसाचा हा भास उभा आहे कशावर? खेळाडूंवर म्हणावे, तर ते हंगामागून हंगाम बदलतात. गेल्या साली ज्याला शिव्या घातल्या तो यंदा आपल्या संघात नोंदणी करून येतो आणि पहिल्याच गोलाला खांद्यावर घेतला जातो. आफ्रिकेतून आलेले तरुणही येथील संघांतून खेळून गेले, आणि ज्याचे नाव धड उच्चारता येत नाही अशा पोरासाठी आमच्या म्हाताऱ्यांनी अंबाबाईला नवस बोलले. गणवेश बदलतो, प्रशिक्षक बदलतो, पदाधिकारी तर बदलतातच. मिलिंद राजाला नागसेन भिक्षूने रथाचे चाक, आख, जू असे एकेक अंग दाखवून यांपैकी रथ कोणता असे विचारले होते. तसे तालमीचे एकेक अंग कोणी आम्हांला विचारू लागला, तर आम्हीही मिलिंदासारखे निरुत्तर होऊ.

तरीही मला वाटते की येथे दोरी आहे, आणि ती मैदानात नसून पेठेत आहे. हंगामाआधी दारोदार फिरून जमा होणारी वर्गणी, पोरांच्या सरावासाठी पहाटे उठणारा कोणी निवृत्त कामगार, दुखावलेल्या खेळाडूला दवाखान्यात नेण्यासाठी हातातले काम टाकून निघालेला दुकानदार, या न संपणाऱ्या वहिवाटीचे नाव तालीम आहे. खेळाडू येतात आणि जातात; ही वहिवाट मागे राहते. तेव्हा पायरीवरच्या माणसाचा हक्क सर्वस्वी खोटा म्हणता येत नाही. तो खरा आहे की खोटा हे एका कसोटीवर ठरते, आणि ती कसोटी आचार्यांच्या उदाहरणातच दडलेली आहे. तो मनुष्य पुत्राच्या पूर्णतेने पूर्ण होतो, तसाच त्याच्या उणिवेने उणाही होतो. अविद्या खरी, पण ती दोन्ही अंगांनी प्रामाणिक आहे.

आमच्यातील पुष्कळांची अविद्या एवढीही प्रामाणिक नसते. आमचा आदिपुरुष धृतराष्ट्र. रणभूमीवर न जाता युद्धाचा वृत्तांत ऐकणारा तो आपल्या वाङ्मयातला पहिला पक्षपाती प्रेक्षक. गीतेच्या पहिल्याच श्लोकात तो माझे आणि पांडूचे अशी वाटणी करून मोकळा होतो. सभापर्वात द्यूत रंगात आले असता हर्ष लपवणे त्याला जमत नाही, आणि काय जिंकले, काय जिंकले असे तो पुनःपुन्हा विचारत राहतो. पुढे मात्र एकेक सेनापती पडू लागला की तोच राजा दैवाला दोष देतो, आणि हा तुझाच अपराध आहे असे संजयाला त्याला बजावावे लागते. जिंकले ते आपण, हरवले ते दैवाने, ही धृतराष्ट्राची वाटणी आमच्या गॅलरीतही रोज होते. फरक इतकाच की दैवाच्या जागी आम्ही पंच बसवतो, किंवा ज्याची पेनल्टी हुकली तो पोरगा.

मैदानाबाहेर होणारी दगडफेक, फोडलेल्या गाड्या, पोलिसांचा वाढता बंदोबस्त आणि त्यापायी मध्येच थांबलेल्या स्पर्धा, ही या शहराची जुनी लाज आहे. पेठेवरील अतिरेकी प्रेमाचा हा परिणाम, असे त्याचे निदान केले जाते. मला ते पटत नाही. ज्याचे प्रेम खरोखर अतिरेकी असते तो पराभवही आपला म्हणून पदरात घेतो. दगड उचलणारा माणूस पराभव घ्यायला तयार नसतो. पराभव दुसऱ्याच्या खाती टाकण्यासाठीच त्याचा हात वर जातो. फुशारकी मारणारा आणि दगड मारणारा, दोघांची चूक एकच: दोघांनीही अर्धेच नाते पत्करलेले असते.

उलट पुरे नाते पत्करणारी माणसेही मी याच पायऱ्यांवर पाहिली आहेत. एकदा सामना टायब्रेकरवर गेला आणि आमच्या गल्लीतल्या एका कोवळ्या पोराचा फटका आडव्या दांडीवरून गेला. जे मघापर्यंत त्याच्या नावाने घोषणा देत होते त्यांनी त्याच नावाने शिव्यांची लाखोली वाहिली. गर्दी ओसरल्यावर तालमीतले एक वयस्कर गृहस्थ खाली उतरले, गुडघ्यांत डोके घालून बसलेल्या त्या पोराचे बूट त्यांनी आपल्या हाताने सोडवले, चिखल झटकून पिशवीत भरले, आणि एवढेच म्हणाले, “चल की रं लेका, उद्या सकाळी सहाला सरावाला यायचं हाय.” सांत्वन नाही, उपदेश नाही. हरलेल्याची पिशवी मात्र त्यांनी घरापर्यंत स्वतः वाहिली.

या शहराच्या क्रीडेतिहासात याच वृत्तीचे एक ठळक उदाहरण आहे. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाण्यासाठी खाशाबा जाधवांना पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत येथे सर्वश्रुत आहे. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले, आणि साऱ्या मुलखाने ते आपले म्हटले. पण घर गहाण पडले ते पदकाआधी. चार वर्षांपूर्वी लंडनला खाशाबा सहावे आले होते. हेलसिंकीलाही तसेच झाले असते, तर कर्ज प्राचार्यांच्या डोक्यावर राहिले असते आणि मुलूख गप्प बसला असता. ज्याने पराभवाच्या शक्यतेला आपले घर तारण दिले, त्याने विजय आपला म्हटला तर त्याला दाखला विचारण्याची कोणाची छाती आहे?

यावर वेदान्ती म्हणेल की जय आणि पराजय दोन्ही समान लेखावेत, ही गीतेची शिकवण सोडून तुम्ही पराभवात दुःखी व्हायला सांगता, हे कसे? माझे उत्तर असे की ते समत्व श्रीकृष्णाने सांगितले ते धनुष्य टाकू पाहणाऱ्या अर्जुनाला, ज्याच्या देहावर बाण येणार होते त्याला. ज्याच्या अंगाला काही लागणारच नाही अशा प्रेक्षकाने समत्वाचा आव आणणे म्हणजे वैराग्य नव्हे, निव्वळ कोरडेपणा होय. आपल्याला आधी शिकायचे आहे ते दुसऱ्याच्या उणिवेने उणे होणे. ते ज्याला आले, त्याला समोरच्या पेठेतले हरलेले पोरगेही कोणाच्या तरी घरचे आहे हे कळायला वेळ लागत नाही, आणि तेथे त्याचा अध्यास पेठेची वेस ओलांडू लागतो. पेठेच्या पोराला गल्लीत शिव्या मिळतात, पण २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला आणि तो संघ तिन्ही सामने हरला, तेव्हा तो अमुक पेठेचा की तमुक पेठेचा हा हिशेब निरर्थक होता. हरणारा आपल्या सर्वांचा होता.

ममत्व हा बंध आहे, यात शास्त्राशी माझा वाद नाही. पण बंधातही श्रेष्ठ-कनिष्ठ असते. केवळ विजयापुरते असलेले ममत्व अहंकाराला खतपाणी घालते, तर पराभवासह घेतलेले ममत्व अहंकाराला दर हंगामात थोडे थोडे खर्ची पाडते. मोक्षाची वाट शाहू स्टेडियमवरून जाते असे मी म्हणणार नाही. परंतु जो माणूस हरलेल्या संघाच्या वर्गणीची पावती दुसऱ्याच दिवशी पुन्हा फाडतो, तो निदान उलट दिशेने चाललेला नाही.