वहिवाटीची शोकांतिका

जी कथा लोकांच्या अंतःकरणात घर करून राहिली आहे ती पुन्हा सांगू नये असा आग्रह धरणे अन्यायाचे आहे, आणि गोमंतकातील पेडणे व डिचोली या महालांत ज्याची रसवृत्ती घडली त्याने तर तो मुळीच धरू नये. कारण येथील जत्रांतून पिढ्यान्‌पिढ्या जो दशावतार रंगत आला आहे त्याचे सारे सामर्थ्यच पुनःकथनात आहे. एक लाकडी बाक, मागे पडदा, बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज, एवढ्या सरंजामावर कधी राजाचा दरबार उभा राहतो तर कधी घोर अरण्य. नटांच्या हाती लिखित संहिता नसते, संवाद ज्याने त्याने प्रसंग पाहून रचायचे असतात, आणि समोर बसलेल्या प्रेक्षकाला कथेचा शेवट आधीपासून ठाऊक असतो. तरीही पहाटे दहीकाला होईपर्यंत तो जागचा हलत नाही. शब्द बदलले, पदे बदलली, एखादा प्रसंग वाढला वा गळला, तरी त्याची फिर्याद नसते; मात्र राजाने राज्य का सोडले, सतीवर आळ का आला, हे कारणच ढळले तर तोच प्रेक्षक अस्वस्थ होतो. पुनःकथनाचा सारा कायदा या एका अटीत सामावलेला आहे.

हीच अट लावून पाहिली असता संजय लीला भन्साळी यांचा 2002 सालचा ‘देवदास’ मनाला निराश करून जातो. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची ही लहानशी कादंबरी 1917 साली प्रसिद्ध झाली, आणि मामा वरेरकरांनी शरच्चंद्रांचे साहित्य मराठीत आणल्यानंतर तर मराठी वाचकाने या लेखकाला परका मानलेच नाही. प्रमथेश बरुआ यांनी 1935 साली बंगालीत आणि पुढच्याच वर्षी सैगलांना घेऊन हिंदीत, व बिमल रॉय यांनी 1955 साली दिलीपकुमारांना घेऊन ती पडद्यावर आणली होती. त्यामानाने भन्साळींना लाभलेली साधनसामग्री अपार होती. नितीन चंद्रकांत देसाई यांनी उभारलेले महाल, माधुरी दीक्षितचे नृत्य, छायाचित्रणातील प्रकाशाचा विलास, यांचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. कारागिरीत कसूर नाही. कसूर आहे ती कथेच्या कारणमीमांसेत.

मूळ कादंबरीत पार्वती आणि देवदास यांचा विवाह का होत नाही? मुलीच्या लग्नात पैसा घेणारे कुळ मुखर्जींच्या तोलाचे नाही, आणि शेजारच्याच घराशी सोयरीक करणे प्रतिष्ठेला साजत नाही, एवढ्याच दोन कारणांसाठी. कोणी कारस्थान रचत नाही, कोणी विष कालवत नाही. देवदासाचा पिता क्रूर नाही, माता दुष्ट नाही, प्रत्येकजण आपल्या घराण्याच्या वहिवाटीप्रमाणे वागतो, आणि त्या निर्दोष वाटणाऱ्या वागण्यातूनच दोन आयुष्यांचा नाश होतो. गोमंतकातील वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. जमीनमालक भाटकार आणि त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा मुंडकार यांची घरे जेथे एकाच माडाच्या सावलीत उभी असत, मुले एकाच अंगणात खेळत, आणि तरीही सोयरिकीचा शब्द कोणाच्या जिभेवर येऊ शकत नसे, त्या प्रदेशाने ही कथा वाचली ती बंगालची म्हणून नव्हे. मुंडकाराला राहत्या घरातून हुसकावले जाऊ नये म्हणून संरक्षण देणारा कायदा येथे 1975 साली झाला. त्यापूर्वी शेजार या गोष्टीत किती जवळीक असे आणि किती अंतर, हे या महालांतील जुन्या माणसांना कोणत्याही कादंबरीकाराइतकेच ठाऊक होते.

चित्रपटात मात्र वहिवाटीची जागा कारस्थानाने घेतली आहे. कागाळ्या करणारी भावजय कुमुद आणि सूडबुद्धीचा कालीबाबू हे या पडझडीचे प्रमुख कर्ते ठरतात, आणि दोष दोन-चार दुर्जनांच्या नावे रुजू झाला की समाज आपोआप मुक्त होतो, नायकाचा भेकडपणाही सौम्य होतो. वस्तुतः रात्रीच्या अंधारात, लोकलज्जेची पर्वा न करता पार्वती ज्याच्या खोलीत येऊन आश्रय मागते, त्या तरुणाला त्या क्षणी धैर्य होत नाही, ही या कथेतील सर्वांत भयंकर घटना आहे. तिला खलपुरुषाची गरजच नाही. पुढे पार्वतीचा नकार ऐकून देवदास तिच्या कपाळावर प्रहार करतो, तो कादंबरीत मासे पकडण्याच्या गळाच्या काठीने. बालपणी जिच्यासह पाण्याकाठी खेळला तिला त्याच खेळातल्या वस्तूने जखम व्हावी, यात एक दारुण सहजता आहे. चित्रपटाने काठीच्या जागी मोत्यांचा हार आणला, आणि जखमेचाही अलंकार करून टाकला. पार्वतीचे, म्हणजे चित्रपटातील पारोचे, घर रंगीत काचांनी असे झगमगते की तिला कोणी कमी लेखावे याचे नवल वाटावे. ज्या उणेपणामुळे नकार आला तो उणेपणाच दिसेनासा झाल्यावर उरलेले अश्रू निराधार होतात.

चंद्रमुखीच्या बाबतीत झालेली हानी गोमंतकीय मनाला अधिक खुपते. कादंबरीतील चंद्रमुखी आपला गणिकेचा व्यवसाय सोडून एका खेड्यात मातीच्या घरात राहते, गरजूंना उसने पैसे देते, आणि देवदासाच्या शोधार्थ पायी वाट तुडवते. तिचे परिवर्तन ही कृपेने मिळालेली गोष्ट नाही, ती तिने कष्टाने मिळवलेली आहे. ज्या भूमीत भाविणी आणि कलावंतिणी यांच्या नशिबी देवळाची सेवा व समाजाची अवहेलना एकत्रच आली, जेथे देवदासी प्रथेवर 1930 साली कायद्याने बंदी आली, आणि ज्या समाजातून केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिका निर्माण झाल्या, तेथे चंद्रमुखीचे हे चालणे केवळ प्रेमिकेचे वाटत नाही. 1955 च्या चित्रपटासाठी सहायक अभिनेत्रीचे पारितोषिक देऊ केले असता वैजयंतीमालांनी ते नाकारले, कारण चंद्रमुखी दुय्यम नाही अशी त्यांची धारणा होती. ती धारणा कादंबरीशी प्रामाणिक होती. नव्या चित्रपटात चंद्रमुखी सरोवराकाठच्या वैभवशाली कोठ्यातच राहते, आणि पारोसह दुर्गापूजेत नृत्य करते. मूळ कथेत या दोघींची गाठच पडत नाही.

यावर कोणी म्हणेल, माध्यम भिन्न आहे, प्रेक्षकांची पिढी भिन्न आहे, आणि हा चित्रपट लक्षावधी लोकांना आवडला. हे सर्व खरे आहे. बिमल रॉय यांनीही कादंबरीत नसलेला एक प्रसंग घातला होता: मेण्यातील पार्वती आणि रस्त्याने चाललेली चंद्रमुखी क्षणभर एकमेकींकडे पाहतात आणि एक शब्दही न बोलता दूर होतात. ही भर कथेच्या विरुद्ध जात नाही; दोघींना विभागणारी भिंत तिच्यामुळे अधिकच स्पष्ट दिसते. भन्साळींच्या नृत्यात तीच भिंत उत्सवाच्या गजरात विरून जाते. म्हणून फरक बदल करणे आणि न करणे यांत नाही. बदलाने कारण उजळले की झाकले, यात आहे.

हा विचार आपल्याला परप्रांतापुरता ठेवता येणार नाही. हडफड्यात जन्मलेल्या, तेरेखोलपलीकडच्या आरवलीच्या जयवंत दळवींनी ‘महानंदा’त भाविणीच्या मुलीचे प्रेम आणि तिच्या वाट्याला आलेले विफलत्व सांगितले, तिच्यावरून शं. ना. नवरे यांनी ‘गुंतता हृदय हे’ हे नाटक लिहिले आणि मराठी चित्रपटही निघाला. ती कथा पुन्हा सांगण्याचा मोह उद्या कोणाला तरी होईलच, आणि व्हावाही. समया, पालख्या, रेशमी साड्या आणि मंदिरांची शिखरे यांचे विपुल भांडार गोमंतकात त्याच्या स्वागताला सज्ज आहे. म्हणूनच त्याला सावध करणे आवश्यक आहे. दुःखाला सुंदर करण्याचा अधिकार कलावंताला आहे, परंतु ते दुःख कोणत्या वहिवाटीने लादले याचा दाखला पुसून टाकण्याचा अधिकार त्याला नाही. कारण ज्या वाचकाने ती कादंबरी प्रिय मानली, त्याने आपल्याच घराच्या उंबरठ्यावर झालेला अन्याय तीत प्रथम ओळखला होता, आणि ती ओळख हिरावून घेणारी कलाकृती, ती कितीही देखणी असली तरी, त्याला पुन्हा आंधळा करते.