बाहुलीपात्रांची सुधारणा : एक नैतिक प्रश्न

बाहुली ही संकल्पनाच परतंत्रतेची आहे. ‘हातचे बाहुले होणे’ या वाक्प्रचारात स्वत्व गमावल्याची जी सूचना आहे, ती बाहुलीच्या बाबतीत केवळ वस्तुस्थिती असते. कादंबरीतील पात्र ग्रंथ छापून झाल्यावर लेखकाच्या हातून सुटते. दूरचित्रवाणीवरील बाहुलीपात्र मात्र दशकानुदशके घडत आणि घडवले जात राहते. त्यामुळे येथे एक प्रश्न उपस्थित होतो : प्रेक्षकाच्या हितासाठी, तोही प्रेक्षक बालक असताना, परिचित पात्राचा स्वभाव बदलण्याचा अधिकार निर्मात्यास कितपत आहे? १० नोव्हेंबर १९६९ रोजी अमेरिकेत सुरू झालेल्या ‘सेसमी स्ट्रीट’ या कार्यक्रमाचा प्रदीर्घ इतिहास या प्रश्नाच्या विचारास विशेष उपयुक्त आहे.

हा कार्यक्रम आरंभापासूनच बालप्रेक्षकांच्या प्रतिसादावर बेतलेला होता. कल्पित आणि वास्तव यांची सरमिसळ करू नये, या मानसशास्त्रज्ञांच्या सल्ल्यानुसार प्राथमिक भागांत बाहुल्या आणि माणसे वेगळी ठेवण्यात आली होती. १९६९ च्या उन्हाळ्यातील चाचणीत, केवळ माणसे असलेल्या रस्त्यावरील दृश्यांत मुलांचे लक्ष टिकत नाही, असे आढळले. तेव्हा जिम हेन्सन यांच्या बाहुल्यांपैकी बिग बर्ड आणि ऑस्कर यांना त्या रस्त्यावर वस्तीस आणले गेले. पुढे ऑस्करचा नारिंगी रंग हिरवा झाला. आरंभी काहीसा मंदबुद्धी, गावंढळ वाटणारा बिग बर्ड सुमारे सहा वर्षांच्या बालकाच्या मनोवृत्तीचा झाला. हा बदल त्याला चालवणारे कलावंत कॅरल स्पिनी यांना पात्राच्या आतून सुचलेला होता. कलावंताला आपले पात्र उत्तरोत्तर अधिक कळत जाणे, यात नैतिक आक्षेपार्ह काही नाही.

प्रश्न बिकट होतो तो बदलाचे कारण पात्राबाहेरचे असते तेव्हा. पात्र स्वभावतः सुसंगत असावे, विसंगत असल्यास त्या विसंगतीतही सुसंगती असावी, ही ॲरिस्टॉटलची अपेक्षा कलेच्या स्वायत्ततेचा पक्ष घेणाऱ्यास जवळची वाटेल. बोधवादी समीक्षक बालहितास अग्रक्रम देईल. फडके-खांडेकर वादापासून परिचित असलेले हे द्वंद्व येथे मात्र अपुरे पडते. कारण ‘बदल कशासाठी’ या प्रश्नाइतकाच ‘बदलाचा भार कोणावर’ हा प्रश्नही निर्णायक आहे.

१९७१ मध्ये आलेले स्नफलपगस हे अवाढव्य, केसाळ पात्र बिग बर्डचा मित्र होते. परंतु मोठी माणसे येण्यापूर्वीच ते निघून जाई, आणि बिग बर्ड काल्पनिक मित्राविषयी बोलतो, असे सारे समजत. हा विनोद जवळपास चौदा वर्षे चालला. नोव्हेंबर १९८५ मध्ये अखेर स्नफलपगस सर्वांसमक्ष आला. बालकांच्या लैंगिक शोषणाची प्रकरणे तेव्हा गाजत होती. खरे सांगितले तरी मोठी माणसे विश्वास ठेवत नाहीत, हा धडा मुलांनी घेऊ नये, ही या बदलामागची चिंता होती. या बदलाने बालकाच्या खासगी कल्पनाविश्वावर प्रौढांची मोहर उमटली, असा आक्षेप घेता येईल. परंतु तो संहितेच्या रचनेकडे दुर्लक्ष करतो. प्रेक्षक बालकाला स्नफलपगस प्रत्यक्ष दिसत होता. म्हणजे त्याच्या लेखी तो कधीच काल्पनिक नव्हता. त्या विनोदाची घडण कल्पनेवर आधारलेली नव्हती. ज्याची साक्ष वारंवार फेटाळली जाते, अशा खऱ्या साक्षीदाराच्या अवस्थेवर ती आधारलेली होती. आणखी असे की, १९८५ मध्ये स्नफलपगस बदलला नाही, बिग बर्डही बदलला नाही. बदलली ती मोठी माणसे. सुधारणेचा भार ज्याचा दोष होता त्याच्यावर पडला.

याच्या उलट उदाहरण कुकी मॉन्स्टरचे आहे. बालकांमधील स्थूलतेच्या चिंतेतून २००५ मध्ये आरोग्यदायी सवयींवर भर देण्यात आला आणि बिस्किटे कधीमधीच खावीत, ही शिकवण या बिस्किटासक्त पात्राच्या तोंडी व भोवती आली. त्याची बिस्किटे बंद झाली नाहीत, हे खरे. तथापि त्याची अमर्याद वासना हेच त्याचे पात्रत्व होते, आणि ती हास्यास्पद असल्याचे बालकास मुळातच कळत होते. ज्याच्याकडे पाहून हसत हसत संयम शिकता येत होता, त्यालाच संयमाचा वक्ता करणे म्हणजे बालकाच्या अर्थनिर्णयनक्षमतेवर अविश्वास दाखवणे होय. बालकांच्या आहाराची जबाबदारी बाजारपेठेची, जाहिरातींची, पालकांची. तिचा भार मात्र बाहुलीने उचलला.

पात्र कधीच बदलू नये, असा याचा अर्थ नव्हे. १९७० मध्ये आलेला रूझवेल्ट फ्रँकलिन हा कृष्णवर्णीय बालकाचा प्रतिनिधी मानला जाई. त्याच्या चित्रणात वांशिक साचेबद्धता असल्याचा आक्षेप आल्यावर त्या दशकाच्या मध्यास तो वगळला गेला. येथे दोष चित्रणातच असल्याने भार चित्रणावर पडणे योग्यच होते; मात्र वगळणे हा सुधारणेचा सर्वांत सोपा प्रकार आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. २००२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील आवृत्तीत आलेली एचआयव्हीबाधित कामी, किंवा २००६ च्या ‘गली गली सिम सिम’ या भारतीय आवृत्तीतील शाळकरी चमकी, यांनी निराळी वाट दाखवली. तेथे जुने पात्र सुधारले गेले नाही. नव्या पात्राला सामावून घेण्याची जबाबदारी प्रेक्षकसमाजावर टाकली गेली.

या विवेचनाचा निकष १९८३ च्या नोव्हेंबरमधील एका भागावर तपासता येतो. दुकानदार मिस्टर हूपर यांची भूमिका करणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये निवर्तले. निर्मात्यांनी दुसरा नट आणला नाही. मृत्यूच कथेत आणला. स्वतः काढलेले चित्र हूपरना द्यायला निघालेल्या बिग बर्डला, ते आता परत येणार नाहीत, असे मोठ्यांना सांगावे लागते. आणि असे का, या त्याच्या प्रश्नाला त्यांच्यापाशी कारण नसते. बालकास शहाणे करण्यासाठी येथे बाहुलीला शहाणे केलेले नाही. तिचे अज्ञान तसेच राखून मोठ्यांना निरुत्तर होऊ दिले आहे. ज्या बाहुलीला स्वतःची इच्छा नाही, तिच्याशी निर्मात्याने राखावयाची निष्ठा एवढीच : जगाचे दोष तिच्या स्वभावात दुरुस्त करू नयेत.