जोडताना ठेवलेली जागा

लांब पल्ल्याच्या मोटारसायकलींवर पाय ठेवायला पुष्कळदा खुंट्यांऐवजी तळपायाएवढ्या फळ्या असतात. अमेरिकेत १९६५ साली आलेली हार्ली-डेव्हिडसनची इलेक्ट्रा ग्लाइड ही अशीच गाडी. दिवसभर महामार्गावर असलेल्या माणसाला पाय पुढेमागे सरकवता यावेत, पोटऱ्या आखडू नयेत, म्हणून ही सोय. कारखान्यातून येणारी फळी धातूची असते, वर रबर. काही हौशी स्वार मात्र ती उतरवून स्वतःच्या हातानं लाकडाच्या फळ्या घडवतात. ज्या वस्तूकडे कुणाची नजरही जाणार नाही, जी कायम बुटाखालीच राहणार, तिच्यावर इतकी माया करणारी माणसं मला फार मोठी वाटतात.

या कामाला साग उत्तम. त्याच्या अंगातच तेल असतं, त्यामुळे पाणी सहज मुरत नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया या जहाजबांधणी करणाऱ्या घराण्यानं सागवानातून बांधलेलं 'एचएमएस ट्रिंकोमाली' हे जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं. इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथं ते आजही तरंगतं आहे. पण हेच तेल सरसाला धरू देत नाही. म्हणून फळीत रबराच्या पट्ट्या चिकटवण्याआधी लाकूड ॲसिटोननं पुसून घ्यावं लागतं. पट्ट्या हव्यातच, कारण गुळगुळीत पॉलिश केलेल्या ओल्या लाकडावरून बूट घसरतो.

खरी कसोटी लागते ती फळी बसवताना. पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकणारं दार आपल्या ओळखीचं आहे. लाकूड रेषांच्या दिशेनं जवळजवळ बदलत नाही. रेषांना आडवं मात्र ते फुगतं आणि आक्रसतं. ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत साग आडव्या अंगानं जास्तीत जास्त सुमारे ६ टक्के आटतो, अमेरिकेतला पांढरा ओक १० टक्क्यांहून अधिक. चारी बाजूंनी आवळलेल्या फळीला ही हालचाल करता आली नाही, तर एखाद्या हंगामात तिला तडा जातो. म्हणून जाणता कारागीर मधला स्क्रू घट्ट बसवतो आणि कडेच्या स्क्रूंची भोकं रेषांना आडवी, लांबट ठेवतो. मधल्या स्क्रूमुळे फळी जागची हलत नाही आणि कडेच्या भोकांमुळे तिला फुगायला वाव मिळतो.

फळीच्या बिजागरीतही हीच समज आहे. वळणावर गाडी कलली आणि फळीची बाहेरची कड रस्त्याला टेकली, की फळी वर दुमडते. ती ताठ राहिली तर गाडीचा भार तिच्यावर येऊन चाक रस्त्यावरून उचललं जाऊ शकतं. म्हणूनच नवी फळी मूळ फळीपेक्षा बाहेर काढायची नाही आणि तिच्या दुमडण्याच्या वाटेत काही आडवं येऊ द्यायचं नाही.

आपण नाती जोडताना बहुतेक वेळा सगळेच स्क्रू आवळतो. मुलानं काय शिकावं, जोडीदारानं कुणाशी किती बोलावं, मित्रानं कधी फोन करावा, सगळं पक्कं करून टाकतो आणि त्याला प्रेम म्हणतो. मग तडा गेला की समोरच्याला दोष देतो. याउलट काहीजण सगळंच सैल सोडतात आणि त्याला स्वातंत्र्य म्हणतात. तिथं फळी खडखडत राहते. कारागिराची रीत या दोन्हींहून वेगळी आहे. विश्वास, शब्द पाळणं, अडचणीत धावून जाणं हा मधला स्क्रू; तो कधीच ढिला करायचा नाही. बाकीच्या ठिकाणी जागा ठेवायची, तीसुद्धा डोळे मिटून नाही. भोक केवढं आणि कोणत्या दिशेनं लांबट करायचं हे ठरवण्याआधी लाकूड ओळखावं लागतं, त्याच्या रेषा वाचाव्या लागतात. आपल्या माणसाला कोणत्या दिशेनं वाढायचं आहे, हे आपण कधी विचारलं आहे का? आज एका माणसाला तरी विचारावं, आणि उत्तर मिळेल तेवढी जागा त्याच्यासाठी मोकळी करावी.