पाटीवर बसलेल्यांचा खेळ

सांघिक खेळाने मुलांना शिस्त लागते, हे शाळेच्या प्रत्येक बक्षीस समारंभात ऐकू येतं. शिस्त तबल्याच्या रियाजानेही लागते. संघात खेळूनच मिळेल असं काय, हे खो-खोत लख्ख दिसतं. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर या खेळाचे नियम बांधले गेले. आठ जण पाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून उकिडवे बसलेले, पाठलागावर एकटा. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, खांबाला वळसा घातल्याशिवाय मागेही फिरता येत नाही. पळणारा पाटीतून पलीकडे निसटला की चपळातला चपळ पोरगाही हतबल. मग तिकडे तोंड करून बसलेल्याला मागून हात लावून ‘खो’ द्यायचा आणि आपण त्याच्या जागी बसायचं. बसलेला खो मिळण्याआधी उठला तर फाउल. हातातोंडाशी आलेला गडी दुसऱ्याच्या हवाली करणं दहा वर्षांच्या मुलाला जड जातं. पण न केलं तर गडी जातो, हे त्याला तिथल्या तिथे कळतं. उपदेशाची गरजच उरत नाही.

‘प्लॉस वन’ या नियतकालिकात २०२२ मध्ये ९ ते १३ वर्षांच्या अकरा हजारांहून अधिक अमेरिकी मुलांचा अभ्यास आला. फक्त सांघिक खेळ खेळणाऱ्यांत चिंता, औदासीन्य, एकलकोंडेपणा अशा तक्रारी न खेळणाऱ्यांपेक्षा कमी आढळल्या. फक्त वैयक्तिक खेळ खेळणाऱ्यांत उलट जास्त. मुळात आनंदी मुलंच संघात जात असतील, ही शंका रास्त आहे आणि असा अभ्यास ती पुरती फेडू शकत नाही. तरी कारणाचा अंदाज बांधता येतो: वैयक्तिक खेळात पराभवाला धनी एकच असतो. खो-खोत पहिल्या मिनिटाला बाद झालेल्यामागे तुकडीतले आणखी दोघे पळत असतात.

संघात कच्च्या मुलाची फरफट होते, हा आक्षेप मात्र खरा आहे. वर्षभर तेच नऊ जण मैदानात आणि बाकीचे पाण्याच्या बाटल्या सांभाळायला, हे शाळाशाळांतून चालतं. पण ती मोठ्यांच्या ढालींच्या हव्यासाची करणी. पळण्यात मंद असलेलं मूल पाटीवरून झटकन उठण्यात, पळणाऱ्याचा रोख ओळखण्यात तरबेज होऊ शकतं. त्यासाठी त्याला आधी पाटीवर बसवावं तरी लागेल. आणि परीक्षा जवळ आली की पीटीचा तास गणिताला देणाऱ्या शाळेत तेही घडत नाही.