जोखीम

उद्योजकता शिकवता येते काय, हा प्रश्न हल्ली कोणी फारसा विचारीत नाही. विद्यापीठाने तिचा अभ्यासक्रम आखला, तिला गुण ठरवून दिले आणि तिची परीक्षा सुरू केली, की ती शिकवता येते हे आपण गृहीत धरतो. मीही ते वादासाठी मान्य करतो. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. धंदा कसा करावा हे शिकविताना, त्या धंद्यातला तोटा कोणाच्या अंगावर पडतो हे पाहण्याची दृष्टी आपण मुलांना देतो काय?

टिटवाळ्याहून सकाळच्या गाडीने कल्याण-ठाण्याकडे जाणाऱ्या मुलांत आता व्यवस्थापनाचे विद्यार्थी सर्रास भेटतात. एके काळी हे शिक्षण थोड्यांचे होते. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय १९१३ साली निघाले ते वाणिज्याचे. जमनालाल बजाज यांच्या नावाची व्यवस्थापन संस्था विद्यापीठाने १९६५ साली काढली, तीही पदवीनंतरच्या शिक्षणासाठी. १९९९ च्या सुमारास 'बी. एम. एस.' ही पदवी सुरू झाली आणि बारावी झालेल्या कोणालाही व्यवस्थापक होण्याचे दार उघडले. २०२४ साली हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि त्यांना प्रवेशपरीक्षाही लागली. 'नोकरी धर, धंद्याच्या भानगडीत पडू नकोस,' असे पिढ्यान्‌पिढ्या सांगणाऱ्या मराठी घरातली मुले भांडवल आणि नफा यांच्याविषयी न लाजता बोलू लागली, याचा मला आनंदच वाटतो.

आमच्या शेजारची अशीच एक विद्यार्थिनी. तिला एखाद्या लहान धंद्याचा अभ्यास करून सुधारणा सुचविण्याचे काम मिळाले होते. तिने महागणपतीच्या वाटेवरचे हारफुलांचे एक दुकान निवडले. चार मंगळवार ती तिथे वही घेऊन बसली. हार किती गेले, फुले किती कोमेजली, नारळ कितीला पडतो आणि कितीला विकतो, हे सारे तिने इतके नेटके मांडले होते, की मी मनापासून कौतुक केले. शेवटी तिने एक सूचना केली होती. जवळच्या पाड्यावरून एक बाई पहाटे दुर्वांच्या जुड्या घेऊन येते. दुकानदार तिला सगळ्या जुड्यांचे पैसे तिथल्या तिथे देतो. पावसाच्या दिवशी निम्म्या जुड्या संध्याकाळी टाकाव्या लागतात. म्हणून पैसे सकाळी न देता संध्याकाळी द्यावेत, आणि विकल्या जातील तेवढ्याच जुड्यांचे द्यावेत. एवढ्याने दुकानाचा तोटा पुष्कळ कमी होईल.

मी विचारले, "मग उरलेल्या दुर्वांचा तोटा गेला कुठे?"

"काका, तो गेला नाही. तो पुढे सरकवला. आमच्या पुस्तकात त्याला जोखमीचे हस्तांतर म्हणतात."

उत्तर अचूक होते. तिला त्या कामात उत्तम गुण मिळाले, आणि पुस्तकाच्या कसोटीने पाहिले तर ते योग्यच होते. मला खटकली ती एकच गोष्ट. त्या सबंध वहीत दुर्वा होत्या, त्यांचा भाव होता, पण त्या आणणारी बाई नव्हती. हिशेबाच्या रकान्यातून तोटा बाहेर पडला, की तो जगातूनही नाहीसा होतो, असे त्या मांडणीत न बोलता धरून चाललेले होते.

आपल्या भाषेतला 'जोखीम' हा शब्द मोठा शहाणा आहे. त्याचा एक अर्थ धोका. दुसरा अर्थ म्हणजे सांभाळायला दिलेला किमती ऐवज. 'अंगावर जोखीम आहे, रात्रीचा प्रवास नको,' असे आजी म्हणत असे तेव्हा ती दागिन्यांविषयी बोलत असे. धोका आणि ठेव या दोन्ही गोष्टींना आपल्या पूर्वजांनी एकच शब्द ठेवला, तो उगाच नव्हे. ज्याच्या हाती दुसऱ्याचे काही आहे त्यालाच खरा धोका असतो, हे त्यांना व्यवहारातून कळलेले होते. अभ्यासक्रमाने या शब्दाचा पहिला अर्थ तेवढा उचलला आणि दुसरा वाटेत सांडला.

याचा अर्थ जोखीम दुसऱ्यावर टाकणे हे मुळातच पाप आहे असा नव्हे. विमा म्हणजे दुसरे काय आहे? इंग्लंडात १८५५ साली भागधारकांची जबाबदारी त्यांच्या भागापुरती मर्यादित करणारा कायदा झाला. अशा तरतुदींवाचून अनेकांचे थोडे थोडे भांडवल एकत्र येऊन मोठे कारखाने उभे राहणे कठीण होते. सारी जोखीम एकट्याने वाहावी असे म्हटले, तर धंदा फक्त गर्भश्रीमंतांनी आणि वेड्यांनी करावा असा त्याचा अर्थ होईल. पण विमा कंपनी जोखीम घेते ती समजून, मोबदला घेऊन आणि नाही म्हणण्याचा हक्क राखून. दुर्वा आणणाऱ्या बाईपाशी या तिन्हींपैकी एकही गोष्ट नाही. प्रश्न जोखीम सरकविण्याचा नाही. ती कोणाकडे सरकविली आणि त्याला विचारले होते काय, एवढाच आहे.

आमच्या आधीचे स्टेशन आंबिवली. तिथून जवळच मोहन्याला एन. आर. सी. चा कृत्रिम रेशमाचा मोठा कारखाना होता. तो २००९ साली बंद पडला. कामगारांच्या थकलेल्या पैशांचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे रेंगाळला. कारखाना का बंद पडला, याचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. कारखाने बंद पडतात. पण अशा प्रसंगी एक गोष्ट सर्वत्र सारखीच दिसते. भागधारकाचे नुकसान कायद्याने मर्यादित केलेले असते. कामगाराचे नुकसान कोणी मर्यादित केलेले नसते. त्यात त्याचा पगार जातो, घर जाते, मुलीचे शिक्षण जाते. ज्याने जोखीम घेतली असे आपण म्हणतो त्याच्याहून, ज्याने ती घेतली असे कोणीच म्हणत नाही, त्याची जोखीम मोठी निघते.

यावर काही प्राध्यापक म्हणतात, की नीती ही घरात शिकायची गोष्ट आहे. विद्यापीठाने विद्या शिकवावी. हे मला पटत नाही. चोरी करू नये, खोटे बोलू नये, हे घर शिकविते. पण करारातल्या एका कलमाने तोटा एका खिशातून दुसऱ्या खिशात कसा जातो, हे कोणती आई शिकविणार? जो अन्याय शिकून करता येतो, तो ओळखण्याची नजरही शिकूनच यावी लागते. नीतिशास्त्राची एक वेगळी प्रश्नपत्रिका ठेवून हे साधणार नाही. मीठ वेगळ्या वाटीत ठेवले म्हणजे भाजी खारी होत नाही. अर्थशास्त्राचा पाया घालणारा अॅडम स्मिथ ग्लासगोला नीतितत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होता. नैतिक भावनांवरचा त्याचा ग्रंथ १७५९ चा, राष्ट्रांच्या संपत्तीवरचा १७७६ चा. या दोन विषयांना दोन वेगळ्या खोल्या आपण नंतर बांधल्या.

त्या मुलीने माझ्याशी वाद घातला, आणि चांगला घातला. "पण काका, असेच चालले आणि दुकानच बुडाले, तर त्या बाईचे काय?" प्रश्न खरा आहे. दुकानदाराला विचारले तर तो सांगेल, की अंगारकीला दुर्वांची ओढाताण होते तेव्हा ती बाई पहिली माझ्याकडे येते. म्हणजे त्याच्या चांगुलपणातही हिशेब आहे, आणि तो पक्का आहे. पण या आधारावर मी फार भार टाकणार नाही. नीती फायद्याची आहे म्हणून पाळायची, तर ज्या दिवशी फायदा संपेल त्या दिवशी तीही संपेल. दुकान खरोखरच बुडू लागले तर भाव कमी करावा लागेल, जुड्या कमी घ्याव्या लागतील. ते अवश्य करावे. मात्र ते त्या बाईशी बोलून करावे. तोटा कोणावर पडावा हे ठरविण्याची सत्ता ज्याच्या हाती आहे, त्याने निदान त्याच्या तोंडाकडे पाहिले पाहिजे.

जमनालाल बजाजांनी गांधीजींकडून विश्वस्ताची कल्पना घेतली. धनिकाने आपल्या धनाचा मालक न होता राखणदार व्हावे, असे ती सांगते. सगळ्यांनी तसे व्हावे अशी अपेक्षा मी करीत नाही. विद्यापीठातून संत बाहेर पडत नाहीत. मी फार थोडे मागतो. धंद्याची योजना लिहिताना भांडवल, खर्च आणि नफा यांच्या शेजारी मुलांनी आणखी एक रकाना आखावा: हे बुडाले तर कोण बुडेल, आणि त्याला हे ठाऊक आहे काय? या रकान्याला गुण मात्र असावेत, कारण ज्याला गुण नाहीत ते आपल्याकडे कोणी लिहीत नाही.