सरवा कोणाचा?

सातवी आज्ञा लहानपणीच आपल्या ओठी बसते. ती समजायला फारसे स्पष्टीकरण लागत नाही. वस्तू ज्याची त्याची. धन्याला न विचारता उचलली की ती चोरी. पण जी वस्तू तिचा धनी विकतही नाही आणि देतही नाही, तिचे काय? हा प्रश्न आज आपल्या घरांत एका अनपेक्षित वाटेने आला आहे. कोपरगावसारख्या तालुक्याच्या गावीदेखील संगणक आणि मोबाईल घरोघरी पोहोचले आहेत, आणि तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे व्हिडिओ गेम त्यांवर फुकट उतरवून घेता येतात. “दुकानात मिळतच नाहीत, मग घेतले तर कोणाचे काय गेले?” असे मुले विचारतात, आणि आईवडिलांना उत्तर सुचत नाही. विषय खेळाचा असला तरी प्रश्न सद्सद्विवेकाचा आहे. तो हसण्यावारी नेऊ नये.

मुलांच्या बोलण्यात तथ्य आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. जुने पुस्तक कपाटात पडून राहिले तरी वाचता येते. खेळाचे तसे नाही. तो ज्या यंत्रासाठी बनला ते यंत्र कालबाह्य झाले की खेळही मुका होतो. कंपनी बुडते, तिचे हक्क दुसऱ्याकडे जातात, आणि नव्या धन्याला जुन्या मालात फायदा दिसत नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन या संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, त्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ बाजारात मिळेनासे झाले होते.

मात्र जुने ते सारेच दुर्मिळ, असे समजणे चूक आहे. १९८५ चा ‘सुपर मारिओ’ निन्टेन्डो कंपनी आजही आपल्या वर्गणीदारांना खेळायला देते. ‘कॉन्ट्रा’ हा खेळ कोनामीने २०१९ साली एका संग्रहातून पुन्हा विक्रीस आणला. असा खेळ फुकट उचलणाऱ्याला ‘मिळत नाही’ ही सबब पुढे करता येत नाही. ती सबब नसून सोय आहे.

येथे आपल्याकडचा एक जुना अनुभव उपयोगी पडतो. १९९० च्या दशकात टीव्हीला जोडायच्या यंत्रांच्या कॅसेटी गावोगावी विकल्या गेल्या. एका कॅसेटमध्ये कित्येक खेळ असत. त्यांपैकी पुष्कळ कॅसेटी परवानगीवाचून केलेल्या नकला होत्या. मूळ कर्त्याला त्यातून दमडीही मिळाली नाही. पालकांनी मात्र घामाचे पैसे मोजले होते, आणि आपण खरेदी केली असेच त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. याउलट ‘द एल्डर स्क्रोल्स: अरीना’ हा १९९४ चा खेळ त्याच्या कंपनीने २००४ साली स्वतःच सर्वांना विनामूल्य खुला केला. तो घेणाऱ्याने एक पैसाही दिला नाही, तरी त्याच्या हातून काही गैर घडले नाही. म्हणजे पैसे दिले की नाही, यावर चोरी ठरत नाही. धन्याची संमती आहे की नाही, यावर ती ठरते.

कायद्याचे म्हणणे स्पष्ट आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रणालींचा समावेश झाला. १९९२ पासून लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत चालतो. बाजारातून माल गेला म्हणून हक्क संपत नाही. तरीही, प्रसिद्ध झालेली कृती धनी पुन्हा उपलब्ध करून देण्यास नाकारत असेल, तर सक्तीने परवाना देण्याची तरतूद याच कायद्यात आहे. रोखून ठेवणे हाही एक अन्याय होऊ शकतो, हे कायदाही जाणतो.

शेतकऱ्याला हा विचार नवा नाही. बाजरी काढून नेली की रानात मागे राहिलेली कणसे गोरगरीब वेचतात. त्याला आपण सरवा म्हणतो. शेताच्या कडेचे पीक कापू नये, खाली राहिलेले वेचू नये, ते गरिबांसाठी व परक्यांसाठी ठेवावे, अशी आज्ञा लेवीयच्या ग्रंथात आहे. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचते ती याच आधारावर. पण तिचे वागणे पाहा. ती आधी विचारते, आणि कापणाऱ्यांच्या मागून चालते. उभ्या पिकाला ती हात लावत नाही. शेत बवाजाचेच आहे, हे ती क्षणभरही विसरत नाही.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात याच विचाराचे सूत्र आहे. धन्याची संमती गृहीत धरता येत असेल, किंवा त्याचा नकार विवेकाला आणि सृष्टीची संपत्ती सर्वांसाठी आहे या तत्त्वाला सोडून असेल, तर तेथे चोरी होत नाही, असा त्याचा आशय आहे. भुकेल्याने घेतलेली भाकर हे त्याचे उदाहरण. परंतु खेळ म्हणजे भाकर नव्हे. गरज आणि हौस यांत अंतर आहे, आणि केवळ हौसेसाठी धन्याचा नकार मोडण्याचा अधिकार हे सूत्र कोणालाही देत नाही. कंपनी नामशेष झाली, वारस सापडत नाही, कोणाची हरकत ऐकिवात नाही, अशा ठिकाणी संमती गृहीत धरणे निदान समजण्यासारखे आहे. जेथे धन्याने स्पष्ट ‘नाही’ म्हटले आहे, तेथे ते गृहीत धरणे ही आत्मवंचना होय.

जतन करणाऱ्याची बाजू याहून भक्कम आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले; १६४९ आणि १६५४ साली त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो भाविकांनी हातांनी उतरवून ठेवलेल्या पोथ्यांमुळे. १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला गेला, तोही त्यांच्याच आधाराने. त्या अनामिकांनी नकला केल्या नसत्या, तर मराठी ख्रिस्ती साहित्याचा हा मुकुटमणी हरपला असता. पुराण आणि करमणुकीचा खेळ यांची बरोबरी कोणी करणार नाही. पण एका पिढीची कला आणि कारागिरी खेळांतही साठलेली असते. संशोधकांना असे खेळ दुरून पाहता यावेत म्हणून ग्रंथालयांनी केलेली मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४ साली नाकारली. विवेकाला सोडून असलेला नकार कोणता, याचा विचार करायचा तर तो अशा ठिकाणी करावा लागेल.

तेव्हा मुलाला काय सांगावे? तो खेळ आजही विकत मिळतो का, हे आधी शोध. मिळत असेल तर पैसे साठव, किंवा त्यावाचून राहा. धनी हयात असून नको म्हणत असेल, तर त्याचे ऐक. शोधूनही धनी सापडला नाही आणि तू तो घेतलास, तर कायदा तुझ्या बाजूने नाही, हे स्वतःपासून लपवू नकोस. तो कोणाला विकू नकोस, कर्त्याचे नाव पुसू नकोस, आणि उद्या तो पुन्हा बाजारात आला तर विकत घे. ‘हा माझा हक्कच आहे’ असे मात्र कधी म्हणू नकोस. सरवा वेचणारा धान्य घरी नेतो; शेताच्या उताऱ्यावर आपले नाव चढवत नाही.