छत्रीखाली लोंबणारा माणूस

ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या महापुराने सुरत बुडाली, तेव्हा गच्चीवर अडकलेल्या माणसांचे डोळे आभाळाकडे लागले होते. हेलिकॉप्टरमधून पडणाऱ्या अन्नाच्या पाकिटांवर त्यांची भिस्त होती. वरून येणाऱ्याकडे विश्वासाने पाहता येणे हे केवढे भाग्य असते, ते कामरेजकरांना वेगळे सांगायला नको. युद्धात मात्र हे भाग्य उरत नाही. तेथे आभाळातून उतरणाऱ्या माणसाकडे कोणत्या नजरेने पाहावे, हा धर्माधर्माचा प्रश्न होऊन बसतो.

तो पुन्हा मनात येण्यास निमित्तही आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये आग्रा व बंगळूर येथील संरक्षण संशोधन संस्थांनी घडवलेल्या लष्करी पॅराशूटने ३२,००० फुटांवरून यशस्वी उडी घेतल्याचे जाहीर झाले. जुनी गोल छत्री वारा नेईल तिकडे जाई. आजच्या चौकोनी छत्रीच्या कप्प्यांत हवा भरली की ती पंखासारखी होते आणि दोऱ्या ओढून तिला वळवता येते. दिशा दाखवायला उपग्रह असतात. छत्री उंचावरच उघडली तर सैनिक विमानापासून कित्येक किलोमीटर दूर, अंधारातही, ठरल्या जागी उतरू शकतो.

याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईलजवळ उतरलेली दुसरी पॅरा पलटण मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण होय. गायकवाडी अमलापासून या मुलखात स्थिरावलेल्या आपल्या घरांना त्याचा अभिमान वाटावा हे साहजिकच आहे. वाऱ्याच्या मर्जीवर सोडलेल्या त्या जवानांना अधिक सुरक्षित साधन मिळाले असते तर कोणाला नको होते?

परंतु छत्रीखाली दोन प्रकारची माणसे येतात. एक लढण्यासाठी उडी घेतो, तर दुसरा जळत्या विमानातून जीव वाचवण्यासाठी. १९४९ च्या जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या मसुद्याने यांत स्पष्ट भेद केला आहे. संकटातील विमानातून उतरणाऱ्यावर तो हवेत असताना हल्ला करू नये, शत्रुभूमीवर उतरल्यावर त्याला शरण येण्याची संधी द्यावी. छत्रीधारी सैनिकांना मात्र हे अभय नाही. भारत या मसुद्याचा पक्षकार नाही, तरी हा नियम युद्धाची सर्वमान्य रूढी समजला जातो.

येथे आपल्याला कर्णाचे रुतलेले चाक आठवते. भीष्मपर्वात युद्धाआधीच ठरले होते की निःशस्त्रावर, विन्मुखावर प्रहार करायचा नाही. कर्णाने त्याच धर्माची आठवण करून दिली, तेव्हा कृष्णाने विचारले, द्रौपदीला सभेत ओढून आणले तेव्हा तुझा धर्म कोठे गेला होता? लहानपणापासून हे उत्तर आपण मान डोलावून ऐकत आलो. पण वैमानिकाला तेच उत्तर लावले तर एकही वैमानिक वाचणार नाही. घटकेपूर्वी बॉम्ब टाकणारा तोच असतो. आधुनिक नियम ‘घटकेपूर्वी तू काय केलेस’ असे विचारत नाही. तो एवढेच पाहतो की हा माणूस या क्षणी असहाय आहे की नाही.

हे पटायला जड जाते, हे आम्ही कबूल करतो. मात्र २७ फेब्रुवारी २०१९ रोजी विंग कमांडर अभिनंदन वर्धमान सीमेपलीकडे उतरले, जमावाने त्यांना मारहाण केली आणि तेथील सैनिकांनीच त्यांना सोडवून ताब्यात घेतले. १ मार्चला ते परत येईपर्यंत आपण सारे त्यांच्यासाठी कोणता न्याय मागत होतो? कृष्णाच्या उत्तराची अपेक्षा खासच नव्हती.

नव्या छत्रीने नेमका हाच न्याय अवघड केला आहे. असहायता डोळ्यांना दिसली तरच दया करता येते. छत्री जितकी स्वाधीन, जितकी दूरवर आणि अंधारात उतरणारी, तितका खालच्या माणसाचा संशय वाढणार. मग जीव वाचवण्यासाठी उतरणाराही शिकारी समजून मारला जाईल. एका बाजूच्या कौशल्याची किंमत अशी दुसऱ्या कोणा संकटग्रस्ताला मोजावी लागेल, आणि तो उद्या आपलाही मुलगा असू शकेल.

म्हणून नवी छत्री बनवू नये, असे आम्ही म्हणणार नाही. पण सामर्थ्याबरोबर दोन बंधने स्वीकारलीच पाहिजेत. संकटाचे सोंग घेऊन कोणी सैनिक उतरवू नयेत. आणि खालून पाहणाऱ्याने, संशयाला जागा असेल तेथे, बंदूक क्षणभर तरी थोपवावी. त्या क्षणात धोका आहे. पण धोका न पत्करता पाळता येतो, तो धर्म कसला?